आंबोलीत इतके बेडूक, सोलापुरात मोजकेच: उत्क्रांती की पाऊस?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडतो. जूनअखेर आंबोलीत एका रात्रीत तुम्हाला पंधरा जातींचे बेडूक दिसले आणि त्यातले एक-दोन ‘जगात फक्त इथेच’ असं गाईडने सांगितलं. सोलापूरजवळच्या तुमच्या शेतात मात्र ‘चारच प्रकार’ आहेत. उत्क्रांती जर सगळीकडे चालते, तर तिने आंबोलीला झुकतं माप का दिलं? की हा सगळा पावसाचाच खेळ आहे? आणि जाता जाता विचारलेलं: उत्क्रांती आज चालू असलेली कुठे बघायला मिळते का?

सुरुवात त्या ‘चार’पासून करू, कारण तिथे गडबड आहे. सोलापूरच्या काळ्या रानात चारच जाती असणं जवळपास अशक्य आहे. विहिरीत पाण्यावरून टप्पे घेत पळणारा स्किटरिंग फ्रॉग, पहिल्या मोठ्या पावसात पिवळाधमक होऊन ओरडणारा बुलफ्रॉग, घराच्या दिव्याखाली किडे टिपणारा साधा भेक (म्हणजे खरबरीत कातडीचा टोड), नखाएवढा मायक्रोहायला, न्हाणीघरात भिंतीला चिकटलेला झाडबेडूक, भाताच्या किंवा उसाच्या पाण्यात कायम असणारे छोटे शेतबेडूक, आणि वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली काढणारे दोन-तीन प्रकार. शेवटचे तुम्हाला दिसलेच नसतील. ते वर येतात ते पहिल्या दोन-चार जोरदार पावसांच्या रात्री, विणून घेतात आणि पुन्हा मातीत जातात. म्हणजे आठ-दहा जाती सहज धरा. तरीही आंबोली पुढेच राहते, तेव्हा प्रश्न शिल्लक आहे. फक्त फरक वाटतो तेवढा मोठा नाही. फरकाचा आकडाच चुकीचा असेल तर त्यावर रचलेलं स्पष्टीकरण कितीही सुंदर असलं तरी वाया जातं, म्हणून हे आधी.

आता मूळ मुद्दा. ‘उत्क्रांती की पर्यावरण’ असं विचारलं की दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत येतात. पहिला: या जाती मुळात आल्या कुठून? दुसरा: इतक्या जणी एकाच ठिकाणी, एकमेकींना हुसकावून न लावता, राहतात कशा? पहिल्याचं उत्तर इतिहासात आहे, दुसऱ्याचं आजच्या डबक्यात. गावातल्या आडनावांसारखं बघा. काही घराणी बाहेरून येऊन वसली, काहींच्या इथेच वाटण्या होऊन भावकी वाढली, काही निर्वंश झाली. आणि आज कोण नांदतंय हे जमीन, विहीर आणि शेजाऱ्यांशी जमणं यावर ठरलं. कुठल्याही जागेची जीवविविधता हा असाच जमाखर्च असतो: बाहेरून आलेल्या जाती, अधिक तिथेच फुटून तयार झालेल्या, वजा संपलेल्या. या तिन्ही रकान्यांत उत्क्रांती आणि परिसर दोघांचे हात आहेत. पण प्रत्येक रकान्यात प्रमाण वेगळं, आणि प्रत्येक प्राणिगटासाठी तर फारच वेगळं.

आंबोलीचा जमाखर्च लिहून बघू.

‘तिथेच फुटून तयार झालेल्या’ या रकान्यात सर्वांत चांगलं उदाहरण झॅन्थोफ्राइन नावाच्या भेकांचं. या प्रजातीत, म्हणजे जातींच्या या कुळात, जगात दोनच जाती आहेत. एक कोयनेचा भेक. त्याचं वर्णन १९६३मध्ये झालं. दुसरा आंबोलीचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. त्याचं वर्णन २००९मध्ये झालं आणि त्याच वेळी ही प्रजाती इतर भेकांपासून वेगळी केली गेली. दोन्ही सह्याद्रीच्या माथ्यावरचे, एकमेकांपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. आंबोलीचा भेक विणतो कुठे, तर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या सपाट कातळावर, साचलेल्या बोटभर खोलीच्या पाण्यात. पावसाळ्याच्या सुरुवातीला काही दिवसांतच सगळा कारभार उरकतो. खालून बघितलं तर सडे एका ओळीत सलग दिसतात. भेकासाठी मात्र मधल्या खोल दऱ्या, दाट रान आणि शेती ओलांडून पलीकडच्या सड्यावर जाणं म्हणजे समुद्र ओलांडण्यासारखं. दोन गटांत येणं-जाणं थांबलं की प्रत्येकात वेगवेगळे बदल साठत जातात. काही निवडीमुळे, म्हणजे तग धरायला उपयोगी गुण पुढच्या पिढीत जास्त उतरल्यामुळे, काही निव्वळ योगायोगाने. पुरेसा काळ गेला की दोन जाती.

‘बाहेरून आलेल्या’ रकान्यात एक गंमत आहे. आंबोली बुश फ्रॉग, म्हणजे नावातच गाव असलेला स्यूडोफिलॉटस अंबोली, हा मुळात श्रीलंकेच्या घराण्यातला. स्यूडोफिलॉटसच्या बहुतेक सगळ्या जाती श्रीलंकेत आहेत, भारतात मोजक्याच. डीएनएवरून काढलेली वंशावळ सांगते की या कुळाचे पूर्वज भारतातून श्रीलंकेत गेले, तिथे भरपूर फुटले, आणि त्यातली एक शाखा पुढे परत भारतात आली. आज तो सिंधुदुर्गातला ‘स्थानिक’ म्हणून मिरवतो. ‘फक्त इथेच सापडतो’ याचा अर्थ ‘इथेच जन्मला’ असा होत नाही. कधी कधी तो एवढाच होतो की बाकी ठिकाणचे नातेवाईक संपले किंवा वेगळे झाले.

तिसरी नोंद फार जुनी आहे. आंबोलीत दगड उलटला तर देवगांडूळ दिसू शकतं. दिसतं गांडुळासारखं, पण तो पाय नसलेला उभयचर, बेडकाचाच लांबचा नातलग. आंबोलीतल्या एका जातीचं वर्णन २००३मध्ये झालं. या देवगांडुळांचे जवळचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत. देवगांडूळ समुद्र पोहत नाही. भारत आणि सेशेल्स साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकमेकांपासून तुटले, तेव्हा ही नाती त्या जमिनीबरोबरच फाटली. २००३मध्येच केरळातून वर्णन झालेल्या, डुकरासारख्या नाकाच्या जांभळ्या बेडकाचीही हीच कथा. त्याचे भाऊबंदही सेशेल्सलाच. याच सुमारास दख्खनचा लाव्हा वाहत होता. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली गेला, दक्षिण टोक वाचलं. म्हणून दक्षिणेत जुनी घराणी टिकून राहिली आणि उत्तरेत नंतर नव्याने वस्ती झाली, असा एक गंभीरपणे तपासला जाणारा कयास आहे. गोम किंवा झाडांच्या वंशावळी काढल्या तर दक्षिण सह्याद्रीला जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रकारच्या शाखा एकत्र सापडतात.

चौथ्या नोंदीत तुमचे सोलापूरचे बुलफ्रॉग, स्किटरिंग फ्रॉग आणि साधा भेक. ते आंबोलीतही आहेत! आंबोलीची यादी म्हणजे सोलापूरच्या यादीतला बराचसा भाग, अधिक ओल्या डोंगराचे स्पेशल. त्यामुळे खरं विचारायला हवं ते असं: हे स्पेशल घाट उतरून सोलापूरला का येत नाहीत?

इथे एक अंडं जवळून बघावं लागतं. बुश फ्रॉग, म्हणजे राओरचेस्टिस आणि स्यूडोफिलॉटस, पाण्यात अंडी घालत नाहीत. मादी पानावर, बांबूच्या पोकळीत किंवा पालापाचोळ्याखालच्या ओल्या मातीत थोडीशीच, पण मोठी अंडी घालते. डबक्यातला बेडूक हजारोंनी घालतो, ही डझनांत मोजावी. अंड्याचं आवरण पारदर्शक असतं, वाटाण्याहून लहान काचेच्या मण्यासारखं. आतलं पिल्लू टॅडपोलची, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाची, अवस्था आतच संपवतं, पाय फुटतात, शेपूट जिरतं, आणि काही आठवड्यांनी माशीएवढा पूर्ण बेडूक बाहेर उडी मारतो. पाण्याची गरज संपली. ओढ्याकाठची गर्दी, मासे, चतुराच्या अळ्या, सगळं टळलं. डोंगराचा प्रत्येक उतार आणि प्रत्येक झुडूप राहायला मोकळं झालं. नुसत्या राओरचेस्टिसच्या आज साठाहून जास्त जाती माहीत आहेत, त्यामागे हा बदल मोठा.

पण त्याच मण्याला कवच नाही. हवेतली ओल महिनाभर जवळपास पूर्ण भरलेली राहिली नाही तर तो सुकतो. टॅडपोल डबक्यात चार कोरडे दिवस काढू शकतो, हे अंडं एका कडक दुपारीही जाऊ शकतं. म्हणजे ज्या गुणाने बेडकाला डोंगर मोकळा केला, त्यानेच त्याला डोंगरावर कोंडूनही ठेवलं. केरळ-तमिळनाडू सीमेवरची पालघाटची खिंड तीस-चाळीस किलोमीटर रुंद आहे, आजूबाजूच्या डोंगरांपेक्षा सखल, गरम, कोरडी. कावळा ती सकाळी ओलांडतो. बुश फ्रॉगसाठी ती भिंत आहे, आणि खिंडीच्या उत्तरेला नि दक्षिणेला बऱ्याचशा वेगळ्या जाती मिळतात.

तुमच्या ‘की’चं उत्तर याच ठिकाणी आहे असं मला वाटतं. अडथळा नकाशावर नसतो, तो प्राण्याच्या अंगात असतो. कोरडी हवा हा परिसराचा भाग. ती हवा सहन न होणं हा या कुळाचा वारसा. लाखो पिढ्यांत तो फारसा बदलला नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच खिंड ‘खिंड’ होते, गट तुटतात, नव्या जाती होतात. परिसराने उत्क्रांतीची वाट आखली, आणि उत्क्रांतीने परिसराचा कुठला तुकडा परवडणार ते ठरवलं. यातलं एक काढून दुसऱ्याने उत्तर देता येत नाही.

याचा उत्तम पडताळा श्रीलंकेचा. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. भारत आणि श्रीलंकेमधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे, तिथे तेव्हा जमीन होती, चालत जाता आलं असतं. तरी २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेडूक, देवगांडुळं, खापरखवल्या साप आणि गोड्या पाण्यातले खेकडे तपासले तेव्हा दोन्हीकडची घराणी बरीच वेगळी निघाली. पूल होता, पण तो कोरड्या सखल प्रदेशातून जात होता. ओल्या डोंगरातल्या जिवांना त्याचा उपयोग क्वचितच झाला. आंबोली बुश फ्रॉगचे पूर्वज त्या क्वचितांतले.

आता पावसाकडे. ‘पाऊस जास्त म्हणून जाती जास्त’ हे अर्धं बरोबर आहे, आणि अर्धं बरोबर असलेलं स्पष्टीकरण सगळ्यांत जास्त फसवतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. तिथून वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत १,८००च्या आसपास, आणि घाट उतरून वाईत ७००-८००. एवढ्या अंतरात अंजनी-जांभळाचं सदाहरित रान संपून बाभळी-बोरी येतात, आणि बेडकांची यादीही तशीच बदलते. इथपर्यंत पाऊस जिंकतो. पण आंबोलीला ७,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडूनही बेडकांच्या जाती केरळातल्या बऱ्याच कमी पावसाच्या डोंगरांपेक्षा कमी आहेत. साठाहून जास्त राओरचेस्टिसपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आले आहेत. कारण बेडकाला, आणि सदाहरित झाडालाही, पाऊस किती पडला यापेक्षा कोरडे महिने किती, हे जास्त जाचतं. आपल्याकडे चार महिन्यांत सगळा पाऊस ओतून जातो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. दक्षिण केरळात दोन्ही मोसमांचा पाऊस मिळून कोरडा काळ दोन-चार महिन्यांवर येतो. त्यात वर सांगितलेला इतिहास मिसळा: दक्षिणेला जुनी घराणी टिकली, डोंगर खिंडींनी तुटलेले, उंची जास्त. यातला किती हिस्सा हवामानाचा आणि किती इतिहासाचा, हे गटागटावर अवलंबून आहे. एकच टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा प्रश्न, एकत्र राहतात कसे. आंबोलीतल्या त्या एका रात्री तुम्ही पंधरा जाती पाहिल्यात, पण बहुधा पंधरा वेगळ्या जागी पाहिल्यात. कोण कुठे अंडी घालतो एवढंच लिहून काढा. मलबार ग्लायडिंग फ्रॉग तळ्यावर आलेल्या फांदीला फेसाचं घरटं टांगतो. पिल्लं खाली पाण्यात टपकतात. नाईट फ्रॉग ओढ्यावरच्या पानावर किंवा ओल्या दगडावर. इंडिराना ओघळत्या कातळावर, आणि त्याची पिल्लं पाण्यात पोहण्याऐवजी त्या ओल्या दगडावर सरपटतात. बुश फ्रॉगला पाणीच नको. बुलफ्रॉगला मोठं डबकं हवं. आंबोलीच्या भेकाला सड्यावरची उथळ कोंडी.

ती कोंडी नीट बघण्यासारखी आहे. तळहाताएवढी ते ताटाएवढी, दोन-तीन सेंटिमीटर पाणी, खाली तांबडा जांभा, कडेला गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं. पाणी ऊन पडताच तापतं, पोषण कमी. अशा जागी मासे नसतात आणि चतुराच्या मोठ्या अळ्या वाढायला वेळ मिळत नाही, हा फायदा. तोटा असा की जूनमध्ये पावसाने सलग ओढ दिली की कोंडी आटते आणि पूर्ण वीण मरते. म्हणून पिल्लाने झटपट वाढून बाहेर पडायचं, लहान राहिलं तरी चालेल. जो टॅडपोल संथ वाढून मोठा होतो, तो मोठ्या तळ्यात जिंकेल, इथे सुकेल. आणि इथला घाईचा टॅडपोल तळ्यात टाकला तर मासे त्याला दिवसभरात संपवतील. सगळ्यांत वरचढ असा एकच बेडूक होऊ शकत नाही, कारण दोन्ही टोकं एकाच शरीरात मावत नाहीत. अशा तडजोडी जितक्या जास्त प्रकारच्या जागा असतील तितक्या जास्त जातींना वाव देतात. आंबोलीत सडा, ओढा, कडा, सदाहरित रान, तळं, भातखाचर हे सगळं पाच किलोमीटरच्या आत आहे. तुमच्या शेतात पाण्याचे प्रकार किती? विहीर, शेततळं, ओढा, पाटाचं पाणी.

आतापर्यंतचं दोन ओळींत: आंबोलीचा आकडा मोठा आहे कारण तिथे वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या वाटांनी घराणी आली, काही तिथल्या तुटक सड्यांवर फुटली, आणि जागांचे प्रकार भरपूर असल्याने ती एकमेकांत अडकली नाहीत. सोलापूरकडे यातलं काहीच नव्हतं असं नाही, तिथला हिशेब वेगळा आहे.

सोलापूरकडच्या बेडकांना कमी लेखू नका. जमिनीत राहणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाच्या तळव्याला, आतल्या बाजूला, खुरप्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा असतो. तो मागे मागे सरकत, दोन्ही पायांनी माती उकरत, मिनिट-दोन मिनिटांत दिसेनासा होतो. वर्षाला ६००-७०० मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा पाऊस, चाळिशीपार उन्हाळा, अशा जागी ओल्या कातडीचा प्राणी टिकणं ही साधी गोष्ट नाही. पण अशा जागेची एक अट असते. एक विहीर आटली, एक तळं फुटलं तर दुसरीकडे जाता आलं पाहिजे. जे बेडूक फिरते आहेत, पुराबरोबर वाहून जातात, कुठल्याही पाण्यात विणतात, तेच उरतात. आणि फिरत्या बेडकात नव्या जाती होणं अवघड. दोन गटांत एका पिढीमागे एखाद-दुसरा बेडूक जरी जाऊन विणत राहिला, तरी योगायोगाने साठणारे फरक धुऊन निघायला तेवढं बऱ्याचदा पुरतं. म्हणून पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत बुलफ्रॉग दिसायला जवळजवळ एकसारखा. तिथेही उत्क्रांती चालू आहे, पण ती फांद्या फोडत नाही, एकाच फांदीला कणखर करते.

आणि गट बदलला की पारडं फिरतं. सरड्यांचं घ्या. उघड्या, कोरड्या, गवताळ माळावर गळ्याचा पंखा उघडणारे सरडे: त्यांची सारडा नावाची वेगळी प्रजाती २०१६मध्ये केली गेली, आणि ते नाव आपल्या ‘सरडा’ या शब्दावरूनच घेतलं आहे. त्यांना घनदाट ओलं रान हीच खिंड, आणि कोरडा माळ हे घर. पालींमध्येही तसंच, सुट्या खडकाळ टेकड्या त्यांना बेटांसारख्या असतात, आणि दख्खनमधून गेल्या पंधरा वर्षांत नव्या जातींची वर्णनं येतच आहेत. पक्षी उडतात म्हणून त्यांना सडा-बिडा बेट नाही. पण दक्षिणेच्या शोला, म्हणजे उंच डोंगरघळींतल्या बुटक्या सदाहरित, रानातले काही पक्षी पालघाट ओलांडत नाहीत, आणि २०१७मध्ये त्यातले दोन गट वेगळ्या प्रजाती म्हणून मांडले गेले. पंख असूनही! चतुरांपैकी भटका चतुर तर अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो. त्यामुळे ‘सोलापुरात विविधता कमी’ हे वाक्य कुठल्या गटाबद्दल आहे ते सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

उत्क्रांती आज दिसते का? इथे सावध उत्तर देतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पवनचक्क्यांचा भाग आणि शेजारचा मोकळा भाग यांची तुलना केली. पवनचक्क्या नाहीत तिथे कापशी घार, बझार्ड यांसारखे शिकारी पक्षी जवळपास चौपट. जिथे पवनचक्क्या आहेत तिथे ते कमी, आणि म्हणून तिथले सारडा सरडे जास्त. पण ते सुखी आहेत असं म्हणायचं कारण नाही: गर्दीमुळे अंगाने किरकोळ आणि नरांच्या गळ्याच्या रंगाची झळाळी कमी. ताणाच्या हार्मोनची पातळी कमी, आणि माणूस बराच जवळ आला तरी पळत नाहीत. म्हणजे पवनचक्की पक्ष्यांना हटवते, पक्षी नसल्याने सरडा बदलतो.

हा बदल उत्क्रांती आहे का? तेवढ्यावरून सांगता येत नाही. गर्दीत, कमी खाण्यावर वाढलेला कुठलाही सरडा फिका पडेल. तो एका आयुष्यातला बदल. तो वारशात उतरला का हे ठरवायचं तर दोन्ही भागांतली अंडी एकाच जागी, सारख्या उबेत, सारख्या खाण्यावर वाढवायची. पिल्लं मोठी झाल्यावरही फरक उरला, तर वारसा. फरक मिटला, तर परिस्थिती. एवढं केल्याशिवाय ‘सरडे उत्क्रांत झाले’ अशी बातमी छापली जाते तेव्हा ती दोन पायऱ्या गाळलेली असते. खात्रीने म्हणता येतं ते इतकंच की निवडीचा दाब बदलला आहे: भित्र्या सरड्याला पूर्वी जो फायदा होता तो तिथे आता कमी आहे. उत्क्रांतीला लागणाऱ्या गोष्टींपैकी ही एक.

तुम्हाला स्वतःच्या शेतात हे तपासायचं असेल, आणि तुमच्या सुरावरून वाटतं की असेल, तर अशा मोजणीत नेहमी चुकणाऱ्या गोष्टी सांगतो. पहिली, असमान मेहनत. आंबोलीत दर जूनला दहा-वीस जाणकार टॉर्च घेऊन फिरतात, तुमच्या गावात कोणीच नाही. तुलना करायची तर मेहनत सारखी हवी: दोन माणसं, डोक्यावरचे टॉर्च, संध्याकाळी ७ ते १०, प्रत्येक जागी ठरलेली ३० मिनिटं. विहीर, शेततळं, ओढा, बांध, घराचा परिसर या पाच जागा धरा. पहिल्या मोठ्या पावसापासून सप्टेंबरपर्यंत निदान सहा ते आठ रात्री, आणि त्यातल्या दोन पहिल्या पावसानंतरच्या ४८ तासांतल्याच हव्यात. त्या चुकल्या तर जमिनीतले बेडूक यादीतून गायब.

दुसरी, न दिसलेल्यांचा अंदाज न करणं. किती जाती फक्त एकाच रात्री दिसल्या आणि किती नेमक्या दोन रात्री, हे मोजा. एका रात्रीवाल्यांच्या संख्येचा वर्ग करा, त्याला दोन रात्रीवाल्यांच्या दुपटीने भागा, आणि येईल ते एकूण दिसलेल्यांत मिळवा. (नेमक्या सूत्रात रात्रींच्या संख्येची छोटी दुरुस्ती असते, ती इथे सोडली तरी चालेल.) समजा शेतात ८ जाती दिसल्या, त्यातल्या २ एकदाच आणि १ दोनदा. अंदाज ८ + ४/२ = १०. आंबोलीत समजा १५ दिसल्या, त्यातल्या ६ एकदाच आणि ३ दोनदा: १५ + ३६/६ = २१. पंधराला आठ नव्हे, एकवीसला दहा अशी तुलना करायची. हा किमान अंदाज असतो, कमाल नाही.

तिसरी, ओळख. शेतबेडूक आणि मायक्रोहायला दिसायला गोंधळवतात, आवाजाने लवकर सुटतात. मोबाइलवर निदान अर्धा मिनिट आवाज घ्या आणि त्याच वेळचं तापमान लिहा. थंड रात्री तोच बेडूक संथ ओरडतो, आणि तापमान लिहिलं नाही तर एकाच जातीच्या दोन जाती समजल्या जाऊ शकतात. डीएनए तपासणाऱ्या कोणाशी संपर्क झालाच, तर एवढं लक्षात ठेवा: ठरावीक जनुकात ३ ते ५ टक्के फरक हा ‘इथे नीट बघा’ असा इशारा आहे, नव्या जातीचा निकाल नाही. आवाज, शरीर आणि वीण यांची साथ मिळाली तरच पुढे बोलायचं.

बेडूक धरायचे नाहीत, आणि धरावाच लागला तर हात ओले हवेत, त्यावर डासांचं मलम नको; ते त्यांच्या कातडीतून सरळ आत जातं. आंबोलीहून आलेले बूट धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवूनच शेततळ्याकडे न्या. बेडकांच्या कातडीचा बुरशीजन्य आजार ओल्या चिखलातून फिरतो. कायद्याने नमुने गोळा करायला परवानगी लागते, स्वतःच्या शेतात फोटो आणि आवाजाला लागत नाही, तेवढ्यावर तुमचं काम भागेल.

आणि ज्या रात्री काहीच दिसलं नाही, ती रात्रसुद्धा वहीत हवी: तारीख, किती पाऊस, किती वेळ शोधलं, शून्य. लोक हीच ओळ लिहायची टाळतात, आणि पाच वर्षांनी एखादी जात खरंच कमी झाली, का आपण शोधलंच नव्हतं, हे मग कोणालाच सांगता येत नाही.